फोटो चारशे, घर सहाशे वीस

घर-दुरुस्ती, फर्निचर, रंग आणि त्यावरून होणारी भांडणं, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, टू बीएचके, कार्पेट सहाशे वीस स्क्वेअर फूट. बिल्डरने दिलं तसंच दहा वर्षं वापरलं, आता दिवाळीनंतर रंग आणि फर्निचर दोन्ही काढायचं ठरलंय. मी दीड वर्षापासून आयडिया गोळा करतेय, पिंटरेस्ट आणि इन्स्टा मिळून चारशेच्या वर फोटो सेव्ह झालेत, पण परवा एका इंटिरियरवाल्याने विचारलं की तुम्हाला नक्की काय हवंय तर मला सांगताच येईना, सगळंच आवडतं! आमचे हे म्हणतात पांढरं करून टाक, सासूबाईंना देवघर मोठं हवंय, मुलगा दहावीत जाणार त्याला अभ्यासाला जागा हवी. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चारशे म्हणजे काहीच नाही हो. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं त्यांच्या फोल्डरमध्ये निम्मे फोटो बाथटबचे, आणि घरातलं बाथरूम चार बाय सात, त्यात गीझरखाली उभं राहिलं की कोपर नळाला लागायचं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की बाईंना दिवसातून वीस मिनिटं दार लावून गप्प बसायला जागा हवी होती, बास. बेडरूमच्या खिडकीखाली दोन फूट रुंद बैठक करून दिली, खाली ड्रॉवर, त्यावर काम भागलं.

तर पहिल्यांदा चारशेतून पंधरा फोटो निवडा आणि प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा की यातलं नेमकं काय आवडलं. ‘छान वाटतं’ असलं चालणार नाही, वस्तूचं किंवा जागेचं नाव पाहिजे. मी हे इतक्या लोकांकडून करून घेतलंय की उत्तर जवळजवळ पाठ झालंय, पंधरापैकी दहा ठिकाणी तुम्ही लिहाल ‘मोकळं आहे’. ओट्यावर मिक्सर नाही, तेलाची किटली नाही, चहासाखरेचे डबे नाहीत, फ्रीजवर औषधांची पिशवी नाही. आता गंमत अशी की हे मोकळेपण भिंतीच्या रंगाने येत नाही, ते फोटो काढायच्या आधी सगळं उचलून मागच्या खोलीत कोंबलेलं असतं म्हणून येतं. मी स्वतः केलंय हे. माझ्याच एका कामाचे फोटो काढताना त्या घरच्या आजींना अर्धा तास शेजारी पाठवलं होतं, त्यांच्या खुर्चीसकट. आणि शिवाय वाइड अँगल लेन्स, त्यात दहा बाय दहाची खोली पंधराची दिसते, सोफ्याचा टोकाचा भाग ताणल्यासारखा दिसत असेल तर समजून जा.

आणखी एक, तुमच्या फोटोंत ते पांढरं-फिकट लाकडाचं स्कॅंडिनेव्हियन प्रकरण भरपूर असणार, असतंच सगळ्यांच्या. तिकडे स्वीडन-नॉर्वेला हिवाळ्यात दिवस काही तासांचा, म्हणून आलेला उजेड घरात उडवत राहायला पांढऱ्या भिंती आणि पडदे नसलेल्या खिडक्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खिडकीतून जे आत येतं त्याला उजेड म्हणत नाहीत, मार म्हणतात! आणि मग जून ते सप्टेंबर भिंतीला ओल. त्यामुळे तुमचे हे ‘पांढरं करून टाक’ म्हणतायत ते छताला करा, भिंतींना जरा मातकट किंवा दुधी शेड घ्या, आणि सोफ्याच्या मागची भिंत, जिथे सगळ्यांची तेल लावलेली डोकी टेकतात, तिला पुसता येईल असा रंग लावा. हे कुठल्याच फोटोत दिसत नाही कारण फोटोतल्या सोफ्यावर कोणी बसलेलंच नसतं.

आता दुसरं काम, आणि माझ्या मते खरं काम हेच. आठ दिवस रोज रात्री नऊ वाजता, काहीही न आवरता, स्वतःच्या घराचे फोटो काढा. दारातल्या चपला, हेल्मेट, ऑनलाइनचे खोके, मुलाची सॅक, पावसाळ्यात पंख्याखाली वाळत घातलेले कपडे. आणि ती खुर्ची. प्रत्येक घरात एक खुर्ची असतेच जिच्यावर एकदा घातलेले कपडे पडतात, धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवण्याइतके स्वच्छ नाहीत. तुम्ही पाच लाखांचा वॉर्डरोब केलात तरी ते कपडे वॉर्डरोबमध्ये जाणार नाहीत, खुर्चीवरच येणार, कारण त्यांची जागा आपण केलेलीच नाही. जुन्या घरात खुंट्या होत्या ना, एका फळीवर पाच-सहा, बाबांचा शर्ट एकीवर, पिशवी एकीवर, छत्री एकीवर. त्या गेल्या आणि खुर्ची आली. दाराच्या मागे किंवा पॅसेजमध्ये चार फुटांची एक लाकडी पट्टी आणि त्यावर सहा खुंट्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण आयडिया म्हणून कोणी सेव्ह करत नाही.

या आठ दिवसांच्या फोटोंतून तुमची यादी निघेल. ती घेऊन जा इंटिरियरवाल्याकडे. ‘मला बोहो स्टाइल हवीय’ सांगण्यापेक्षा ‘दारात सात जोड चपला, दोन हेल्मेट आणि एक क्रिकेट किट असतं’ हे सांगितलंत तर तो माणूस तुमचं काम जास्त चांगलं करेल. आणि हे ऐकून तो वहीत काही लिहून घेत नसेल तर दुसरा बघा.

मापाचं थोडं बोलू, कारण इथेच सगळे फसतात. घरखरेदीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे त्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही मोजतात, फक्त बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट, म्हणजे पाइपांची उभी पोकळी, सोडतात. तुमचं माप याच व्याख्येने दिलेलं असेल तर सहाशे वीसमध्ये भिंतीपण बसल्यात, पाय ठेवायला तेवढं नाही. टेप घेऊन स्वतः मोजा. समजा बेडरूम दहा फूट रुंद. कपाटाची खोली, म्हणजे डेप्थ, दोन फूट, त्याहून कमी केली तर हँगर आडवा बसत नाही. समोरच्या भिंतीला डोकं करून बेड टाकलात तर तो साडेसहा फूट. झाले साडेआठ. उरला दीड फूट, आणि कपाटाचं दार उघडायलाच दीड फूट लागतो, मग उभं कुठे राहणार, बेडवर? म्हणून एकतर बेड फिरवायचा नाहीतर सरकती दारं करायची. कागदावर हे कळत नाही, जमिनीवर पेपर पसरा बेडच्या आणि कपाटाच्या मापाचे, चिकटपट्टीने चिकटवा, दोन दिवस त्यांच्यावर पाय न देता घरात वावरा. नवरा रात्री पाणी प्यायला उठला आणि पेपर फाटला की समजायचं तिथे अडकतंय.

सासूबाईंचं देवघर. मोठं म्हणजे त्यांना काय मोठं हवंय ते विचारा, बहुतेकांना रुंदी नको असते, खाली बसून पूजा करता येत नाही म्हणून उंची हवी असते आणि सामान ठेवायला ड्रॉवर. दोन फूट रुंदीत होतं. पण जिथे समई आणि उदबत्ती येणार तिथे पांढरा लॅमिनेट लावू देऊ नका, काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी टाका, तेल पुसलं जातं, आणि वरच्या फळीला धुराची जागा सोडा. एवढं सगळं करताना लोक गणपती विसरतात! गौरी-गणपतीत मखर कुठे बसणार, त्या भिंतीला प्लग पॉइंट आहे का, समोर दहा माणसं आरतीला उभी राहतील का, हे आत्ता ठरवा नाहीतर दरवर्षी टीव्ही युनिट हलवत बसाल. तसाच बाल्कनीत आकाशकंदिलाचा पॉइंट आणि छताला एक हूक. पन्नास फ्लॅट बघितले असतील नव्याने केलेले, कंदिलाचा पॉइंट चारच जणांकडे होता, बाकी सगळे खिडकीतून वायर काढतात.

मुलाच्या टेबलाला चार फूट बाय दोन फूट पुरे, खिडकीच्या शेजारी, उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही.

आणि आयडिया बघायच्याच असतील तर फोन ठेवून चार घरं बघा. तुमच्या टॉवरमध्ये तुमच्याच प्लॅनचा फ्लॅट वर-खाली वीस जणांकडे आहे, तीच खिडकी, तोच बीम, तोच कॉलम. याच्यापेक्षा चांगला कॅटलॉग जगात नाही. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी काम केलं त्यांच्याकडे चहाला जा आणि ‘काय छान केलंत’ म्हणू नका, ‘परत करायचं झालं तर काय करणार नाही?’ विचारा. लोक तासभर बोलतात. कधी पुण्याला आलात तर राजा केळकर संग्रहालयात चक्कर मारा, तिथले दिवे, अडकित्ते, कोरीव दारं बघताना लक्षात येतं की रोजच्या वापराची वस्तूच सजावट असायची, वेगळा शोपीस आणावा लागत नव्हता. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मागच्या गल्ल्यांत आर्ट डेको शैलीच्या जुन्या इमारती आहेत, २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या त्याच, त्यांच्या गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडकीवरचे छज्जे, जिन्याचे ग्रिल नीट बघा. ग्रिलचं एखादं डिझाइन फोनमध्ये घेतलंत तर ते फॅब्रिकेटर करून देऊ शकतो, इटालियन मार्बलचा फोटो दाखवून मात्र तो तुम्हाला काही करून देऊ शकत नाही.

प्रश्न : हॉल लहान आहे म्हणून बाल्कनी आत घ्यायची म्हणतोय, मधला स्लायडिंग दरवाजा काढून सगळं एक. सगळ्यांनी केलंय आमच्याकडे. तुमचं मत?
– एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : सगळ्यांनी केलंय हे कारण नाही, आणि परवानगी सगळ्यांनी घेतली आहे का तेही विचारा. बाल्कनी बंद करणं हा बांधकामातला बदल आहे, सोसायटीची एनओसी आणि महापालिकेचे नियम दोन्ही बघावे लागतात, नंतर फ्लॅट विकताना हेच प्रकरण वर येतं.

पण समजा परवानगी मिळाली, तरी मी नको म्हणेन. बाल्कनीची फरशी हॉलपेक्षा दीड-दोन इंच खाली असते, पाणी आत येऊ नये म्हणूनच, ती भरून लेव्हल केलीत की पावसाचं पाणी खिडकीच्या ट्रॅकमधून सरळ लॅमिनेट फ्लोअरिंगखाली. आणि बाल्कनी पश्चिमेला असेल तर जे ऊन आत्तापर्यंत बाल्कनी खात होती ते आता तुमचा सोफा खाणार. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा बांधली, १९८३ ची इमारत, त्यांच्यापुढे हाच पेच होता की वारा आणि समुद्र पश्चिमेला, आणि ऊन नि पाऊस पण पश्चिमेलाच. त्यांनी कोपऱ्यात दोन मजली उंच खोल बाल्कन्या दिल्या, जुन्या बंगल्याला चहूबाजूने व्हरांडा असायचा तशा, घर ऊन-पावसापासून एक पाऊल मागे सरकवलं. इतक्या महाग इमारतीत त्यांनी जी जागा उघडी सोडली ती आपण वाकडमध्ये भरून टाकायला निघालोय.

त्यापेक्षा दरवाजा असा करा की पूर्ण दुमडून बाजूला जाईल, बाहेर बांबूच्या काड्यांचा पडदा, खाली सिमेंटच्या रंगीत टाइल्स. या टाइल्स बनवणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ मध्ये, स्वदेशीच्या काळात सुरू झाली, अशा टाइल्स आजोळच्या घरात पाहिल्या असतील. दोन खुर्च्या आणि एक तुळस. हॉल आपोआप मोठा वाटतो कारण नजर बाहेरपर्यंत जाते.

प्रश्न : सुतार म्हणतो किचनला पण साधा प्लाय चालतो, उगाच खर्च कशाला. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खोटं. म्हणजे बेडरूमच्या कपाटाला चालतो, सिंकखाली नाही. प्लायच्या शीटवर शिक्का असतो तो वाचा, आयएस ३०३ आणि सोबत एमआर म्हणजे साधा, दमटपणा थोडाफार सहन करणारा, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने चिकटवलेला. सिंकखाली आणि ओट्याखाली दुसराच. माझ्या स्वतःच्या घरात, हो माझ्याच, लोकांना सल्ले देणारीच्या घरात, पंधरा वर्षांपूर्वी एका सुताराने मला ‘मरीन आहे मॅडम’ सांगून वर सनमायका मारून टाकला, मी शिक्का बघितला नाही, दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचं पार्टिशन पुरीसारखं फुगलं. तेव्हापासून माझा नियम, शीट कापायच्या आधी आपल्यासमोर उभी करायची आणि शिक्क्याचा फोटो काढायचा. आठ बाय चारची एक शीट, अठरा एमएमची, किती आल्या ते मोजा, किती लागल्या ते मोजा, बिलाशी ताडून बघा.

कोटेशन घेताना हेही विचारा की वॉर्डरोबचा स्क्वेअर फूट रेट कशाचा आहे, समोरच्या दर्शनी मापाचा ना, आणि त्यात आतले ड्रॉवर, चॅनल, बिजागऱ्या, हँडल धरलीत का. स्वस्त कोटेशनमध्ये ती बाहेर असतात आणि मग शेवटच्या आठवड्यात रोज एक ‘एक्स्ट्रा’ येतो.

प्रश्न : पूर्ण घराला फॉल्स सीलिंग करावं का? नवऱ्याला निळे लाइट हवेत.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नवऱ्याला निळे लाइट एका आठवड्यासाठी हवे असतात. नऊ फूट उंचीच्या खोलीत फॉल्स सीलिंगने पाच-सहा इंच जातात, वर पंखा, मग खोली खाली आल्यासारखी वाटते. जिथे बीम किंवा एसीचा पाइप झाकायचाय तिथेच कडेने पट्टा करा. खरा फरक बल्बच्या शेडने पडतो, खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे दवाखान्यातला पांढरा. हॉल-बेडरूमला ३०००, किचनच्या ओट्यावर ४०००, आणि एका खोलीत दोन शेड मिसळू नका. दिवे मुंबईत लोहार चाळीत जाऊन बघून घ्या, लावून दाखवतात.

प्रश्न : हिंजवडीला भाड्याने राहतो, तीन मुलगे, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मालक खिळा ठोकू देत नाही. तरी घर घरासारखं दिसावं असं वाटतं, आत्ता ते गोडाऊन वाटतं.
– तिघं, पुणे

उत्तर : खिळा नको, कापड आणा. ट्यूबलाइट बंद करा आणि दोन पिवळे लॅम्प जमिनीवर ठेवा, हा पाचशे-हजारातला सगळ्यात मोठा बदल. सोफा नसेल तर गाद्या रचून भारतीय बैठक, त्यावर सोलापुरी चादरी, तीन वेगळ्या रंगांच्या चालतील, मजबूत असतात आणि चहा सांडला तरी धुऊन निघतो. खणाचं कापड मीटरवर मिळतं, त्याचे उशांचे अभ्रे शिवून घ्या. कोणाची तरी आजी गोधडी शिवत असेल तर एक मागून आणा, पडद्याच्या दांडीवर टांगा, भिंतीला हात लावायची गरजच नाही. आणि खोके फेका रे. टीव्हीचा खोका, मिक्सरचा खोका, शिफ्टिंगला लागेल म्हणून ठेवलेले, सगळ्यांच्या माळ्यावर तेच असतात, गोडाऊन वाटतं ते त्यामुळे.

प्रश्न : ओट्याची उंची किती ठेवायची? आर्किटेक्ट एक सांगतो, गवंडी एक.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांनाही त्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या नाहीत. जी किंवा जो रोज उभं राहणार त्याचा कोपर वाकवा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा. साधारण ३२ ते ३४ इंच येतं. पोळ्यांना थोडं खाली बरं, सिंकला थोडं वर.

प्रश्न : आईचं लग्नातलं गोदरेज कपाट आहे, हिरवट राखाडी, आरशाचा पारा उडालेला. नवीन फर्निचरमध्ये अजिबात बसत नाही. बायको म्हणते भंगारात द्या, आई काही बोलत नाही पण दोन दिवस जेवली नाही नीट. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भंगारात देऊ नका, किलोवर जाईल आणि त्या पैशात तुमच्या नव्या वॉर्डरोबची हँडलं पण येणार नाहीत. गोदरेजने स्टीलची कपाटं १९२३ पासून केलीत आणि त्यांना वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाहीत, कोल्हापूरच्या पावसात हे छोटं नाही. तुमचा नवीन प्लायचा वॉर्डरोब वीस वर्षं टिकला तर मला कळवा.

गाडीला रंग मारणाऱ्या गॅरेजवाल्याकडे न्या, जुना रंग खरवडून, गंज काढून, प्रायमर आणि स्प्रे. गडद निळा किंवा विटकरी चांगला दिसतो, पांढरा नको, पांढरा केला की ऑफिसचं कपाट दिसतं. आरसा नवीन बसवा, बिजागरीला तेल, आणि लॉकरची चावी सापडते का बघा, नसेल तर चावीवाला करून देतो. मग ते सगळ्या फर्निचरमध्ये मॅच करत बसू नका, एकटंच उभं राहू दे पॅसेजच्या टोकाला नाहीतर आईच्या खोलीत, एकच जुनी वस्तू असली की ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसते.

रंग मात्र आईंना विचारून ठरवा. आणि गॅरेजला न्यायच्या आधी लॉकरमधलं सगळं त्यांनाच काढू द्या, तुम्ही दोघं त्या वेळी खोलीत थांबू नका.